साहेबाचे ओटे आणि एक पिवळी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर साहेबाने इथेच दुर्बीण मांडली आणि हेलियम शोधला, अशी गोष्ट सांगतात. दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो.

ती गोष्ट मी मनात आणखी रंगवून पाहतो. धो धो पाऊस, झावळ्यांनी झाकलेली दुर्बीण, ओलाचिंब साहेब, आणि इरलं पांघरलेला म्हातारा विचारतोय, “सायबानू, ऐन पावसात सूर्याक बघूक इलात?”

हा म्हातारा माझ्या कल्पनेतला, पण त्याचा प्रश्न बिनतोड आहे. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला हे खरं. ग्रहण पाहायला जमखंडीत बसलेल्या इंग्रज निरीक्षक जॉन हर्शेलला मात्र ढगांच्या फटींतूनच काय ते दिसलं. खरं नशीब फळफळलं ते पूर्व किनाऱ्याकडे गुंटूरला, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनचं. चंद्राने सूर्यबिंब झाकलं, कडेच्या ज्वाळा दिसल्या आणि त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहताच ठळक रेघा उमटल्या. अशा सुट्या तेजस्वी रेघा तापलेला विरळ वायू देतो. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या! रेघा इतक्या तेजस्वी की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याला त्या दिसल्या.

लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. २० ऑक्टोबरला त्यानेही ग्रहणाशिवाय याच रेघा टिपल्या. दोघांचं कळवणं फ्रेंच विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचलं, आणि पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं गेलं.

त्यांतली पिवळी रेघ आधी सोडियमची वाटली होती. सोडियमच्या जोडरेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर असतात. ही मात्र ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरच्या फरकावर विसंबून लॉकियरने नवं मूलद्रव्य मानलं, सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं आणि वर्षानुवर्षं टीका सोसली. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झीने युरेनियमच्या खनिजातून तो वायू काढून दाखवला. मला या गोष्टीत सर्वांत मोठी वाटते ती ही २७ वर्षांची चिकाटी.

आणि विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला होताच, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एक झाली असावीत. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. पाऊस सरलेला, आभाळ स्वच्छ. इंग्रजी युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने सूर्यकडेच्या वर्णपटाचे फोटो काढले, आणि हेलियमच्या रेघा आता नाव-गाव मिळालेल्या रेघा होत्या.