अरुंद अक्षर आणि दाबलेलं अक्षर

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या फ्लेक्सवर गावांची नावं जरा लांबून वाचून बघा. ‘धरणगाव’चं ‘घरणगाव’ दिसतं आणि ‘भडगाव’ चक्क ‘मडगाव’ होतं. लिहिणाऱ्याने शुद्धच लिहिलेलं असतं, पण जागेत बसवायला अक्षर दाबलेलं असतं.

ठळक अरुंद अक्षर हवं असेल तर दोन वाटा आहेत. एक, मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट घ्यायचा. दुसरी, साधा ठळक फॉन्ट घेऊन कोरल-ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या चौकटीचा बाजूचा मधला ठिपका धरायचा आणि आत ढकलायचा. फ्लेक्सचं काम करणारे बरेच जण दोन्ही एकच समजतात. इथेच घोळ होतो.

समजा, अक्षराचा काना १० मिमी जाड आहे आणि शिरोरेषाही तेवढीच. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की काना ६ मिमीचा होतो, शिरोरेषा मात्र १० मिमीचीच राहते. म्हणजे डोक्यावर जाड तुळई आणि खाली काटक्या. ‘क’ची गोलाई वर-खाली जाड, बाजूंना बारीक होते. सगळ्यात वाईट गत ‘ध’ आणि ‘भ’ची. त्यांच्या शिरोरेषेत जी फट असते, तीच त्यांना ‘घ’ आणि ‘म’पासून वेगळं ठेवते. दाबताना ती फटही आकसते, आणि दहा पावलांवरून दिसेनाशी होते. वर कोणी ठळकपणासाठी भोवती आउटलाइन चढवली, तर उरलीसुरली पोकळीही बुजते.

मुळात अरुंद घडवलेल्या अक्षरात हे सगळं आधीच विचारात घेतलेलं असतं. इंग्रजीतला ‘इम्पॅक्ट’ फॉन्ट बघा. जेफ्री ली यांनी तो केला आणि शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं बनवणाऱ्या कंपनीने, १९६५ साली आणला. त्यात उभे दांडे भरभक्कम आहेत आणि आडव्या रेषा त्यांच्याहून बारीक, म्हणजे दाबलेल्या अक्षराच्या बरोबर उलट. पोकळ्या चिंचोळ्या असल्या तरी उघड्या राहतात. पण इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाही. म्हणून मराठी मजकुराला त्याचा तोरा आणायला दुसराच फॉन्ट चेपला जातो.

याची आता गरज उरलेली नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे देवनागरी फॉन्ट मथळ्यांसाठीच केलेले आहेत, युनिकोड आहेत आणि फुकट मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘अनेक’ मला त्याहून कामाचा वाटतो. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही हव्या तशा कमी-जास्त करता येतात, आणि रुंदी कमी केली तरी काना काटकुळा होत नाही.

अरुंद ठळक अक्षर दुकानाची पाटी, मथळा, खोक्यावरचं नाव यांनाच द्यावं. लग्नपत्रिकेचा आतला मजकूर त्यात घातला की आजोबा चष्मा शोधत बसतात. मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागाही थोडी जास्त सोडावी लागते. ‘मुक्ताईनगर’मधला उकार खालच्या ओळीला भिडला, तर उत्तम फॉन्टही वाया जातो.

फ्लेक्सचं तयार डिझाइन पारखायचं असेल तर कुठल्याही अक्षराचा काना आणि शिरोरेषा बोटाने मोजा. शिरोरेषा कान्याच्या दीडपट भरली, तर छापायला देण्याआधी ऑपरेटरला फॉन्ट बदलायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.