‘कानाचं मशीन गोंगाटच वाढवतं’: अर्धंच खरं

हा समज चहूबाजूंचा आवाज सारखाच वाढवणाऱ्या यंत्रांमुळे रुजला. डायरेक्शनल, म्हणजे समोरचा आवाज जास्त टिपणाऱ्या, यंत्रात माइकची दोन छिद्रं असतात, जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर. पाठीमागचा आवाज मागच्या छिद्रात आधी पोचतो. यंत्राने तो किंचित रोखून पुढच्या छिद्रातल्या आवाजातून वजा केला की पाठीमागचा आवाज बराचसा विरतो. समोरचं बोलणं टिकतं. फायदा काही डेसिबलचाच, पण तेवढ्यानेही हॉटेलात यंत्र काढून खिशात टाकायची वेळ टळू शकते. अर्थात गजबजाटाकडे पाठ करून बसा, बोलणारा समोर आणि जवळ हवा. घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज भिंतींवरून सगळीकडून येतो, तिथे फायदा घटतो. आणि एखादं छिद्र घामाधुळीने बुजलं की वजाबाकीच बिघडते: यंत्र चालू, दिशा गायब! कोरड्या ब्रशने झटका. पिन घालू नका.