उशैकर: सरासरी काढणाऱ्या भिंती

सौदी अरेबियाच्या मधोमध, नज्दच्या पठारावर, रियाधच्या वायव्येला सुमारे 200 किलोमीटरवर उशैकर हे जुनं गाव आहे. इराक-कुवेतकडून मक्केला निघालेले यात्रेकरू इथे मुक्काम करत. आता लोक शेजारच्या नव्या वस्तीत राहतात, त्यामुळे जुन्या गल्ल्यांत वर्दळ नसते. पण रणरणत्या दुपारी एखाद्या डागडुजी केलेल्या घरात पाऊल टाकलं, की पंखासुद्धा नसताना जीव थंडावतो. हे सगळं काम भिंतींचं.

ऊन पडलं की भिंतीचा बाहेरचा थर तापतो आणि ती उष्णता थराथरातून आत सरकू लागते. मातीतून ती फार सावकाश सरकते. कोरड्या मातीच्या 40 सेंटिमीटर जाड भिंतीतून दुपारच्या उष्णतेची लाट आतल्या बाजूला पोचायला साधारण 12 तास लागतात. तोवर रात्र झालेली असते. वाळवंटातलं आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे बाहेरचा थर उष्णता झपाट्याने आकाशाकडे टाकून देतो. उरलीसुरली लाट आत पोचते तेव्हा तिचा जोर जवळजवळ संपलेला असतो. थोडक्यात, दिवस आणि रात्र यांची सरासरी काढून भिंत ती खोलीला देते.

म्हणूनच जुलैत या घरांची परीक्षा होते. दुपारी 43-44 अंश आणि पहाटेसुद्धा 29-30 अंश असेल, तर सरासरीच 36च्या पुढे जाते. मग लोक गच्चीवर झोपत. त्या गच्च्यांची बांधणी मराठवाड्यातल्या माळवदाची आठवण करून देते: खाली अथल नावाच्या झाडाची लाकडं, त्यांवर खजुराच्या झावळ्या, वर मातीचा जाड थर. अथलची लाकडं फार लांब मिळत नाहीत, म्हणून खोल्या अरुंद असतात. पाहुण्यांची बैठक मोठी हवी असेल, तर मध्ये दगडी चकत्या एकावर एक रचून खांब उभे करावे लागतात.

भिंतींच्या वरच्या भागातली छोटी त्रिकोणी भोकं नक्षी वाटतात, पण त्यांत फार सुरेख विचार आहे. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. चौकोनी खिडकीवर आडवं लाकूड टाकावं लागतं. त्रिकोणाच्या तिरक्या बाजू वरचं वजन आपसूक दोन्हीकडे वळवतात. भोक उंचावर असल्यामुळे वर चढलेली गरम हवा तिथून निघून जाते आणि ऊन मात्र बेताचंच आत येतं.

भिंतीजवळ जाऊन पाहिलं तर गिलाव्यात पेंढ्याच्या काड्या दिसतात. ओली माती वाळताना आकसते आणि तडकते; काड्या तो ताण विभागून घेतात, म्हणून एका मोठ्या भेगेऐवजी बारीक रेषांवर निभावतं. या विटा भाजलेल्या नाहीत, नुसत्या उन्हात वाळवलेल्या. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात त्यात त्यांच्यामधल्या पाण्याच्या अतिसूक्ष्म पडद्याचा मोठा वाटा असतो. हेच पाणी जास्त झालं की पकड सुटते आणि वीट विरघळते. या भागात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो, पण कधीकधी तो एका झडीतच कोसळतो. त्यासाठी गच्चीला लाकडी पन्हळी असतात आणि गिलावा पुन्हा पुन्हा करावा लागतो.

मातीच्या घरांवर सिमेंटचा गिलावा केलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. सिमेंट मजबूत म्हणून लावतात, पण भेगांतून शिरलेलं आणि जमिनीतून चढलेलं पाणी त्याच्यामागे अडकतं. वरून भिंत धडधाकट दिसते, आतून तिचा चिखल होत असतो. मातीला मातीचाच गिलावा हवा.

पर्यटकांना इथे डिसेंबर-जानेवारीत जायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये जावं, तेही दुपारी दोन-तीनच्या सुमारास. तेव्हा बाहेर 33-35 अंश असतात आणि दिवसरात्रीची सरासरी 27-28. हाताचा तळवा आधी उन्हातल्या भिंतीवर टेकवावा, मग आत जाऊन त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला.