तेहरानच्या आजींचे गुण कुठे गळतात?

सत्तरीतला माणूस दिवसभरात किती हालचाल करतो, हे कळायचा स्वस्त मार्ग म्हणजे त्यालाच विचारणे. गोम आहे ती काय विचारायचे यात.

खास 65 च्या पुढच्यांसाठी अमेरिकेत बनलेली ‘पेस’ ही प्रश्नावली 1993 साली प्रसिद्ध झाली. तिचा रोख गेल्या सात दिवसांवर असतो. चालणे, खेळ आणि व्यायाम किती दिवस आणि रोज किती तास, ते सांगायचे. घरकामाला मात्र नुसते हो किंवा नाही. जड घरकाम केले, तर 25 गुण. बागकामाला 20. अंगणातले गवत कापले, पाने किंवा बर्फ काढला, तर 36.

इराणी संशोधकांनी ही प्रश्नावली फारसीत आणली, आणि अडचणी दिसायला लागल्या. खेळांची मूळ उदाहरणे गोल्फ, शिकार, बॉलरूम नृत्य अशी. तेहरानच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अंगणच नाही, म्हणजे ते 36 गुण आधीच गेले. उलट तिथले कितीतरी म्हातारे शुक्रवारी सकाळी दरबंदची डोंगरवाट चढतात; ते निदान ‘चालणे’ या सदरात बसते. नमाजाचे काय? दिवसाच्या सक्तीच्या 17 रकात (नमाजाची आवर्तने), प्रत्येकीत दोन सजदे, म्हणजे 34 वेळा कपाळ जमिनीला टेकवायचे. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना ही मेहनतच आहे (न झेपणारे खुर्चीवर बसून नमाज पढतात). प्रश्नावलीत तिला रकानाच नाही.

सगळ्यात मोठी गळती नौरोजच्या आधी होते. मार्चमधल्या या नववर्षापूर्वी घरोघरी ‘खाने-तकानी’ चालते, आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी: गालिचे धुवायचे, खिडक्या पुसायच्या, कपाटे रिकामी करायची. आठवडाभर राबलेल्या आजींना 25 गुण, आणि एकदाच व्हॅक्यूम क्लीनर फिरवणाऱ्या शेजारणीलाही 25!

मग कमरेला यंत्रच लावले तर? हालचाल मोजणारा ॲक्सेलरोमीटर चालणे छान टिपतो. पण बसून गालिचा घासताना हात चालतात, कंबर जागची हलत नाही, आणि यंत्राच्या लेखी आजी विश्रांती घेत असतात.

प्रश्नावली पारखताना तीच माणसे काही दिवसांनी पुन्हा गाठतात. उत्तरे जुळली, की ती भरवशाची ठरते. पण नमाज पहिल्या खेपेला सुटला, तसाच दुसऱ्या खेपेलाही सुटतो, आणि उत्तरे तंतोतंत जुळतात. त्यामुळे चालण्याचा वेग, तोल, हाताच्या पकडीची ताकद अशा चाचण्यांशीही गुण ताडून पाहावे लागतात.

उदाहरणे बदलायची आणि गुण तसेच ठेवायचे, हा मधला मार्ग आहे. त्यामुळे इतर देशांच्या आकड्यांशी तुलना करता येते. मला विचाराल, तर घरकामाचेही तास विचारावेत. तुलना थोडी बिघडली तरी चालेल.