डोंगलला शेजार चांगला लागतो

मागच्या जुलैत आमच्या घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि ड्राय बाल्कनीतलं पाणी स्वयंपाकघरात आलं. मशीनखाली गळती ओळखणारा सेन्सर होता. फोन मात्र वाजला नाही. आईचा पाय ओला झाला तेव्हा कळलं. अॅपमध्ये सेन्सरच्या नावापुढे 'उपलब्ध नाही' लिहिलेलं, आणि तेही आदल्या रात्रीपासून.

सेल बदलला, बटण दाबून पुन्हा पेअर केला. दोन दिवस नीट चालला, तिसऱ्या दिवशी परत गायब. अशा वेळी माणूस सेन्सरला शिव्या घालतो. मीही घातल्या. दोष निघाला दुसऱ्या टोकाला, टीव्हीमागच्या छोट्या कॉम्प्युटरला लावलेल्या डोंगलपाशी, म्हणजे सेन्सरचे निरोप ऐकणाऱ्या यूएसबी काडीपाशी.

हे सेन्सर झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. नाण्याएवढ्या 3 व्होल्टच्या सेलवर वर्ष-दोन वर्षं काढायची, म्हणून ते बहुतेक वेळ झोपलेले असतात. उठतात, काही मिलीवॅटच्या ताकदीने दोन शब्द बोलतात, पुन्हा झोपतात. डोंगलपर्यंत त्यातलं किती पोचतं? मानकाप्रमाणे रिसीव्हरला उणे 85 डीबीएमचा संदेशही वाचता यायला हवा. म्हणजे एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम तीन. इतकी बारीक कुजबुज ऐकायची तर कानाशी गोंगाट नको.

आणि माझा डोंगल होता यूएसबी 3च्या निळ्या पोर्टमध्ये, हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून. यूएसबी 3मधून सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती धावते. त्या वेगाचा विद्युत गोंगाट मोठ्या पट्ट्यावर पसरतो आणि झिगबी ज्यावर बोलतं तो 2.4 गिगाहर्ट्झचा भाग नेमका त्यातच येतो. इंटेलने 2012 साली याबद्दल सविस्तर कागद प्रसिद्ध केला होता. पोर्ट, वायर, डिस्क, सगळीकडून हा गोंगाट बाहेर झिरपतो. अंतर वाढलं की तो झपाट्याने विरतो. स्टेशनजवळच्या दुकानातून यूएसबी 2ची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल टीव्हीपासून लांब भिंतीवर चिकटवला आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं. नवा डोंगल घेताना ही वायर सोबतच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेल्या निम्म्याचा दोष इमारतीचा. ठाण्यातले बरेच नवे टॉवर अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओततात. बिल्डर 'मिव्हान' म्हणून मिरवतात ती ही पद्धत. त्यात आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, काँक्रीट आणि सळयांच्या असतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. सळयांच्या जाळीतून आणि काँक्रीटमधून जाताना ती दर भिंतीला थकते. नौपाड्यातल्या विटांच्या जुन्या घरात जे दोन खोल्या पार करतं, ते इथे एका भिंतीतच दमतं.

यावर झिगबीचा उपाय चांगला आहे. विजेवर चालणारी उपकरणं, म्हणजे स्मार्ट प्लग किंवा बल्ब, दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतात. सेलवरची पोचवत नाहीत, त्यांना झोपायचं असतं. म्हणून मी पॅसेजमध्ये एक स्मार्ट प्लग लावला. इथे आपल्या घरांची एक सवय आडवी आली. आपल्याकडे प्रत्येक प्लगपॉइंटला बटण असतं आणि रात्री ते बंद करूनच झोपायचं असतं. आईने केलं. प्लग मेला, त्याच्या भरवशावरचा सेन्सर पोरका झाला. काही सेन्सर लगेच नवा आधार शोधतात, काही तासन्‌तास जुन्यालाच हाका मारत बसतात आणि त्यात सेल खातात. आता तो प्लग पाण्याच्या फिल्टरच्या पॉइंटवर आहे. ते बटण आई कधीच बंद करत नाही, शिवाय ड्राय बाल्कनी तिथून दोन पावलांवर. सेन्सर पेअरही तिथेच, मशीनखाली ठेवून केला. डोंगलजवळ बसून केला असता तर तो डोंगललाच धरून बसला असता.

राहिलं वायफाय. आमच्या हॉलमधून शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये वायफायचे 1, 6, 11 हे चॅनेल सर्वांत वापरातले, प्रत्येक सुमारे 20 मेगाहर्ट्झ रुंद. झिगबीचे 11 ते 26 असे सोळा, फक्त 2 मेगाहर्ट्झचे. त्यातले 15, 20 आणि 25 वायफायच्या फटींत बसतात. (आकडे सारखे दिसले तरी वायफायचा 11 आणि झिगबीचा 11 वेगळे, मी यात एक संध्याकाळ घालवली.) मी राउटर 1 वर पक्का केला, झिगबी 25 वर नेलं. हे सुरुवातीलाच ठरवावं, कारण चॅनेल नंतर बदलला की काही झोपाळू सेन्सर हरवतात आणि एकेक पुन्हा पेअर करावा लागतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई सेन्सरखाली ओलं फडकं सरकवते. त्याच्या पोटाला धातूचे दोन टोक असतात, नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे त्यांच्यात वीज वाहते आणि फोन वाजतो. परवा मी ऑफिसात होतो तेव्हा वाजला. लगेच घरी फोन केला, तर आई म्हणाली, "फडकंच आहे रे, मशीन नाही."