कार्नेशननं मान टाकली, झेंडू तसाच

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास आमच्याकडे आईच करते, त्यात दुसऱ्या कुणी लुडबूड केलेली तिला खपत नाही. गेल्या वर्षी आदल्या संध्याकाळी तिनं नागपुरातल्या बर्डीच्या फूलबाजारातून झेंडू आणि गुलाबी कार्नेशन आणली, सोबत पिकायला आलेल्या केळ्यांच्या दोन फण्या. सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात रचलं, फुलं कोमेजू नयेत म्हणून वरून पॉलिथिन गुंडाळलं आणि खोकं देवघरात सरकवलं. सकाळी उघडून पाहतो तर कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या. झेंडू मात्र ताठ.

आईनं फूलवाल्याचा उद्धार केला. मावशीनं मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला: फुलांजवळ फळं ठेवू नका, ती विषारी वायू सोडतात, आणि सुकलेली फुलं नकारात्मक ऊर्जा सोडतात, ईशान्येला तर मुळीच नकोत. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याकडे नंतर येतो.

तो वायू म्हणजे एथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, संपला रेणू. विषारी म्हणायचं तर केळी-आंबे पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) हाच वायू वापरायची आपल्याकडे अधिकृत परवानगी आहे, बंदी आहे ती कार्बाइडवर. गंमत म्हणजे खोक्यावरचं पॉलिथिनही याच रेणूच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. झाडांवरचा त्याचा प्रताप आधी गॅसच्या दिव्यांमुळे कळला. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव या संशोधकानं दाखवलं की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात ते दिव्याच्या गॅसमधल्या एथिलीनमुळे. १९०८ मध्ये शिकागोच्या क्रॉकर आणि नाइट यांनी काचगृहात मिटणाऱ्या फुलांचं कोडं असंच सोडवलं. ती फुलं कार्नेशनचीच. पिकणारी फळं स्वतःच हा वायू तयार करतात, हे पक्कं व्हायला १९३४ उजाडलं.

आता मावशीच्या मेसेजचा हिशोब करू. कार्नेशनला मिटायला हवेच्या दहा लाख भागांत एक भाग एथिलीन एका रात्रीत पुरतं. आमची बैठकीची खोली १२ बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे साधारण ४० हजार लिटर हवा. तिच्यात १ पीपीएम व्हायला ४० मिलिलिटर एथिलीन लागेल. पिकणारी केळी २० अंशांच्या आसपास किलोमागे तासाला १ ते १० मायक्रोलिटर सोडतात. मधला आकडा ५ धरला, तर दोन किलो केळ्यांना ४० मिलिलिटर जमवायला ४,००० तास, म्हणजे साडेपाच महिने लागतील! तेही दारं-खिडक्या सील करून. नागपूरच्या एप्रिलमध्ये वेग वाढेल, पण बाहेरची हवा आत ढकलणारा कूलर चालू असला की एथिलीन साचणार कुठे? तेव्हा टेबलावरच्या फळांच्या परडीला उगाच घाबरू नका. खोक्याचं गणित मात्र वेगळं. ५० लिटर हवेत १ पीपीएमला ५० मायक्रोलिटरच लागतात. पाच तासांचं काम, आणि आईनं फुलं बारा तास कोंडली होती.

पण एवढ्याशा वायूनं अख्खं फूल आडवं कसं होतं? मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. एथिलीन ओळखणारी प्रथिनं पाकळीच्या पेशींत असतात. वायू चिकटला की ती घंटा वाजवत असतील, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. कॉलनीत रात्री गुरख्याची शिट्टी वाजत असते तोवर सगळे निर्धास्त झोपतात, तसं ही प्रथिनं वायू नसतानाच काम करत असतात. सीटीआर-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला ती जागं ठेवतात, आणि ते म्हातारपणाचा आदेश अडवून धरतं. एथिलीन येऊन चिकटलं की शिट्टी बंद पडते. सीटीआर-१ थंडावतं, आदेश केंद्रकापर्यंत पोचतो, नवी जनुकं चालू होतात. त्यातली काही जनुकं एथिलीनच बनवायची असतात! मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सॅम नावाचा रेणू, सॅमपासून एसीसी नावाचा दुसरा (हा दुवा १९७९ मध्ये अ‍ॅडम्स आणि यांग यांनी शोधला), एसीसीपासून एथिलीन. केळ्यांनी काडी लावली, पुढचा वणवा कार्नेशनचा स्वतःचा. एरवी, परागण झाल्यावर हाच संदेश फुलाच्या स्त्रीकेसराकडून निघतो. काम झालं, आता पाकळ्या पोसून पाणी कशाला घालवायचं?

एथिलीन चिकटतं ते या प्रथिनात बसलेल्या तांब्याच्या आयनाला. तांब्याची जागा चांदीच्या आयनानं घेतली, तर एथिलीन आलं तरी शिट्टी वाजतच राहते. म्हणून कार्नेशन पिकवणारे देठ सिल्व्हर थायोसल्फेट या चांदीच्या संयुगाच्या पाण्यात बुडवतात. फुलं टिकावीत म्हणून फुलदाणीत नाणं टाकणाऱ्यांना मात्र यातून काही मिळत नाही. १ रुपयाचं आजचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि चांदीचं नाणंही पाण्यात इतकं विरघळत नाही की देठातून वर चढेल.

झेंडू वाचला, कारण तो सूर्यफुलाच्या कुळातला. शेवंती, जरबेराही त्याच घरातली. यांच्या पाकळ्या म्हाताऱ्या होताना सहसा एथिलीनला विचारत नाहीत. त्यांना मारतो तो पाण्याचा दुष्काळ.

राहिली नकारात्मक ऊर्जा. कोमेजणाऱ्या कार्नेशनमधून खरंच काहीतरी निघतं आणि शेजारच्या फुलालाही कोमेजवतं, पण ते यंत्रानं मोजता येतं, आणि खिडकी उघडली की जातं. ती ईशान्येची असो की नैर्ऋत्येची.

संत्र्याचं काय, हा प्रश्न नागपुरात येणारच. मृगबहाराची संत्री तेव्हाही घरात होती. धडधाकट संत्रं एथिलीन जवळपास सोडतच नाही. तोडल्यावर ते केळ्यासारखं पिकतही नाही. पण त्यावर हिरवी बुरशी धरली की ती बुरशीच भरपूर एथिलीन सोडते. पेटीच्या तळाशी एक सडकं निघालं, तर त्या पेटीजवळ फुलं कोंडू नयेत.

यंदा आईनं केळी स्वयंपाकघरात आणि कार्नेशन उघड्या बादलीत ठेवली. गेल्या वर्षीची फुलं शिळीच होती, यावर ती अजून ठाम आहे. मला तिला पूर्ण खोडता येत नाही. शिळ्या कार्नेशनच्या आत एथिलीनचा कारखाना आधीच सुरू झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर केळ्यांनी फक्त घाई केली.