संमतीपत्रावर सही कुणाची? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनाची पार्श्वभूमी

रुग्णांवरील संशोधन आणि संमती हा विषय निघाला की सुरुवात न्यूरेंबर्गपासून होते. १९४७ मध्ये नाझी डॉक्टरांच्या खटल्याच्या निकालात दहा तत्त्वं मांडली गेली आणि त्यांतलं पहिलंच स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं होतं. १९६४ मध्ये माणसांवरील संशोधनासाठी डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्याकडे मात्र या तत्त्वांची खरी कसोटी लागली ती बायकांच्या एका आजारावर, आणि तीही पुन्हा पुन्हा.

१९७६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, दिल्लीतल्या एका संस्थेने अभ्यास सुरू केला. गर्भाशयमुखाच्या पेशींत कर्करोगाआधीचे बदल दिसलेल्या १,१५८ स्त्रिया त्यात होत्या. उपचार न करता त्यांची ठरावीक काळाने तपासणी होत राहिली, कारण कुणाचा आजार पुढे सरकतो हेच पाहायचं होतं. ७१ जणींच्या बाबतीत तो कर्करोगापर्यंत गेला आणि ९ जणींमध्ये उपचार सुरू होण्याआधीच आत पसरला. लेखी संमती घेतलेली नव्हती; तोंडी घेतली होती, असं संशोधकांचं म्हणणं. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं १९९७ मध्ये. तपासणीला बोलावलंय म्हणजे आपल्यावर इलाज चाललाय, असंच कुणालाही वाटेल. हा समज दूर करणं हे संशोधकाचं पहिलं काम होतं.

२००० मध्ये आयसीएमआरची सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याच सुमारास आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची मोठी ट्रायल सुरू झाली होती. गावांचे गट पाडून काहींत एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी झाली, काहींत इतर तपासण्या, आणि एका गटात तपासणीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या; तपासणी नसलेल्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. एका चाचणीने एवढे जीव वाचू शकतात हे जगाला या जिल्ह्याने दाखवलं, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या ६४ जणींचं काय? भारतात तेव्हा सरसकट तपासणी नव्हतीच, म्हणून तुलनेचा गट तसा ठेवणं रास्त होतं, असा संशोधकांचा युक्तिवाद. पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा, उपयोग कित्येक वर्षं आधीच सिद्ध झाला होता, हा टीकाकारांचा. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण सोय नसणं हा गरिबीचा परिणाम आहे; तो संशोधनाचा आधार होऊ शकत नाही.

मग २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला (आता तेलंगणातला) खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा जिल्हा. १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही, असं चौकशी समितीने सांगितलं. पण संमतीपत्रं उघडली तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आदिवासी मुलगी वसतिगृहात, आईवडील दूर पाड्यावर, आणि त्यांच्या रकान्यात सही वॉर्डनची! ही लस मी चांगली मानतो, म्हणून तर हे जास्त लागतं.

दरम्यान, औषधांच्या ट्रायल्सबद्दल इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीच्या प्रक्रियेचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं. कागद वाचून दाखवला का, बाईने प्रश्न विचारला का, उत्तर मिळालं का, हे सगळं त्यात दिसायला हवं. २०१९ च्या नियमांत ही सक्ती नव्या रेणूंच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधांच्या, ट्रायलमधल्या दुर्बल गटांतल्या व्यक्तींपुरती उरली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या ट्रायलमध्ये फक्त आवाज मुद्रित केला तरी चालतो. तिथे चेहरा उघड होणं हीच मोठी इजा असते.